शांत खोलीतली गळकी

मंगळवार, ५

आली नवीन! माझ्याच खोलीत टाकली. वरच्या खाटेवर मी, खाली ही. सुधारगृहात पहिल्या दिवशी सगळ्याच रडतात, पण ही थांबतच नाही. नाव ठेवलं — गळकी.

बुधवार, ६

म्हणे, "ताई, हात खाली सोडशील? धरला की झोप येते." माझा हात काय हिच्या बापाचा? सोडला शेवटी. कटकट नको! सकाळी खांद्यापर्यंत मुंग्या.

गुरुवार, ७

सोमवार-गुरुवार मनाच्या बाई येतात. "कसं वाटतंय, बाळा?" बाळा म्हणे! इथे प्रत्येकीला उत्तर पाठ आहे — "मस्त." दुसरं काही बोललं की शांत खोली. दिवा सतत चालू, दाराला कुलूप, झडपेतून डोकावणारे डोळे. त्याने माणूस शांत होतो म्हणे. शहाणेच सगळे!

गळकीला बजावलं होतं — मस्त म्हण, हस, ऊठ. ही बया आत गेली आणि सगळं ओकली! मेलेली आई हाका मारते म्हणे. जेवताना, आंघोळीला, कधीही. मूर्ख!

शुक्रवार, ८

नेलं तिला. बरं झालं. खोली माझी एकटीची.

शनिवार, ९

वाढपी मावशी म्हणाली, "ताट तसंच परत येतंय गं. भिंतीवर डोकं आपटते पोर." मग मी काय करू? आरती ओवाळू?

हात मात्र रात्री उगाच खाटेवरून खाली लोंबत होता. घाणेरडी सवय लावून गेली.

रविवार, १०

मोठ्या बाईंना सांगितलं, "पाच मिनिटं सोडा मला तिच्याकडे. हात धरला की झोपते ती." तर म्हणे, "ती निरीक्षणाखाली आहे. तू तुझं बघ." निरीक्षण! मेल्यावरही झडपेतून बघत बसतील.

शांत खोल्या दोन आहेत, लागून. मधल्या भिंतीला तळाशी पाणी जायचं भोक आहे, मनगट जाईल एवढं. मागे फरशी पुसायला मलाच जुंपलं होतं. दुसरी खोली सध्या रिकामी आहे.

सोमवार, ११

"कसं वाटतंय, बाळा?"

"मरावंसं वाटतं." एवढंच ठरवून गेले होते. नाटक करायचं, खोली मिळवायची. पण ते वाक्य संपलं आणि माझं तोंड बंदच होईना. बाईंनी रुमाल दिला, तो भिजला, दुसरा दिला. नाटक नव्हतंच ते. किती दिवसांचं आत होतं कोण जाणे!

मंगळवार, १२

अक्षर घाणेरडं येतंय. डाव्या हाताने लिहितेय. उजवा भोकातून पलीकडे आहे. झोपली एकदाची.