अर्ध्या शेडचा फरक

सोमवार, ३ तारीख

नवी नोकरी, नवं गाव, नवी खोली, आणि डॉक्टरीणबाईंच्या हुकमावरून ही नवी वही. रोज चार ओळी लिहायच्या, झोप किती झाली ते टिपायचं. झोप: साडेसात तास.

खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकी उत्तरेला, बसता येईल असा रुंद कठडा. रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईला आणखी काय हवं? उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही.

दादा सामान लावून गेला. जाताना कपाटाच्या दारावर आमचा कागद चिकटवला. मागच्या आजारातून उठल्यावर मीच लिहिलाय तो. झोप घटली, रंग भडक दिसू लागले किंवा गोळ्यांचा संशय आला, तर दादाला फोन करायचा. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. मागच्या वेळी केल्या होत्या, तेव्हा चौथ्या दिवशी त्याने मला गच्चीच्या कठड्यावरून खाली घेतलं होतं.

दुसरी किल्ली त्याच्याकडे. कागद फाडलास तर कान उपटीन, म्हणाला. चाळिशी आली तरी त्याच्या लेखी मी शेंबडीच.

मंगळवार, ४ तारीख

झोप: सात तास. काम मनासारखं आहे. रंगाच्या प्रत्येक घाण्यातून एक पत्रा रंगवून येतो. तो दिव्याच्या पेटीत मूळ नमुन्याशेजारी धरायचा आणि फरक सांगायचा. मूळ नमुने काळ्या कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये, कारण उजेडाने तेही उतरतात. भिंती राखाडी, कोट राखाडी, लिपस्टिकला बंदी.

आमचे वरिष्ठ जन्मात राखाडीशिवाय काही ल्यालेले नाहीत, म्हणून सगळे त्यांना इंद्रधनुष्य म्हणतात. त्यांनी पहिला धडा दिला: आठवणीवर रंग जुळवायचा नाही. नमुना शेजारी धर, मग तोंड उघड.

घरी येऊन गंमत म्हणून मीही माझे नमुने केले. चालू पाकिटातली एक गोळी आणि दादाचा-माझा एक फोटो, काळ्या कागदात, ड्रॉवरमध्ये.

शनिवार, ८ तारीख

झोप: सहा तास. रंग मोजायच्या यंत्राने एक निळा पास केला, मी अडवला. अर्ध्या शेडचा फरक. यंत्र उघडलं तर भिंगावर धूळ! इंद्रधनुष्य म्हणाले, पोरी, तुझ्या डोळ्यांचा विमा उतरवून ठेव.

गुरुवार, १३ तारीख

झोप: साडेचार. बसथांब्याचा पिवळा आज इतका पिवळा होता की मी तीन बस सोडल्या.

कागदावर लिहिलंय तसं केलं. दादाला फोन, डॉक्टरीणबाईंना फोन. गोळी एकही चुकवलेली नाही, तरी असं का, विचारलं. त्या म्हणाल्या, होतं असं कधीकधी, त्यात तुमचा दोष नाही, रक्त तपासू आणि डोस बघू, तोवर बंद मात्र करू नका. दादा या शनिवारी येतोच म्हणत होता. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी ये, रक्ताचा रिपोर्टही आलेला असेल. कुरकुरत कबूल झाला.

सोमवार, १७ तारीख

झोप: तीन. सकाळी रक्त देऊन आले. काल नवं पाकीट फोडलं होतं. नवी गोळी जुनीशेजारी धरली, खिडकीत, उत्तरेच्या उजेडात. नवी पिवळसर आहे. फार नाही. अर्धी शेड.

औषधवाला हसला. बाई, गोळी गिळायची असते, भिंतीला फासायची नसते, म्हणे.

कारखान्यात दोन्ही गुपचूप यंत्राखाली धरल्या. यंत्र म्हणतं, फरक नाही. यंत्राने त्या निळ्यालाही हेच म्हटलं होतं.

बुधवार, १९ तारीख

झोप: दोन? डॉक्टरीणबाईंचे चार फोन. उचलले नाहीत. मग निरोप: रक्तात औषध फार कमी आहे, आजच या, डोस वाढवावा लागेल.

कमी असणारच. गोळीत औषधच नसेल तर रक्तात कुठून येणार? आणि वाढवायचं म्हणे.

सगळ्या बेसिनमध्ये सोडल्या. पाणी पिवळं झालं. कुणीही पाहिलं असतं तर—

मूळ गोळी जपून ठेवली आहे.

शुक्रवार, २१ तारीख

झोप नाही. नको आहे.

कागदावरच्या शाईकडे लक्ष गेलं. तो लिहिला ते माझं पेन ड्रॉवरमध्येच होतं. त्याच पेनाने शेजारी एक ओळ ओढली. जुळत नाही. कागदावरची शाई तांबूस आहे. अक्षर माझं, शाई माझी नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे मग कुणी—

इंद्रधनुष्यांनी घरी पाठवलं. कोट स्वतः काढून घेतला, हळू. भावाला बोलाव, म्हणाले. मला भाऊ आहे हे त्यांना कुणी सांगितलं? मी सांगितलं असेल. आठवत नाही. आठवणीवर जुळवायचं नाही.

शनिवार, २२ तारीख, दुपार

दारात दादा.

आवाज बरोबर आहे. आवाजाचा नमुना माझ्याकडे नाही. फोटो आहे.

साखळी लावून फट ठेवली. फोटो शेजारी धरला. कपाळ, कान, गळा. अर्धी शेड. सगळीकडे सारखाच, अर्धी शेड—

दार लावून घेतलं. कडी.

किल्ली फिरतेय. कडी आहे.

म्हणतो शेंबडे, दार उघड. म्हणतो डॉक्टरीणबाईंशी बोललोय, औषध बदलता येतं, तुझं काही चुकलेलं नाही. रडतोय. दादा रडत नाही. गच्चीवर रडला होता. तो कोण होता मग—

खांद्याने दार ढकलतोय. बिजागरी—

फोटोत त्याच्या खांद्यावर माझा हात आहे. माझा. तो कधी तपासलाच नाही.

शेजारी धरला. इथे नीट दिसत नाही. उजेड खिडकीत आहे. कठड्यावर उभं राहून हात बाहेर, पूर्ण बाहेर धरला, तर—