नाक्यावरचा विनोद

फवाझदादा,

मंगळवारी बाबांना डॉक्टरांना दाखवायला रामल्लाला नेलं. नाक्यावर सैनिकांनी आमची शेअर टॅक्सी थांबवून ठेवली. बाबांनी खलीलवाल्याचा विनोद सांगितला, त्या शहरातल्या लोकांवर सगळेच करतात तसला. सैनिक विचारतो, कुठे निघालास? खलीलवाला म्हणतो, "निघालो होतो लग्नाला, आता त्यांचं बाळ बघायला चाललोय."

सगळे हसले. ड्रायव्हर म्हणाला, "काका, माझी बायको खलीलची. घरी हे सांगितलं तर आज उपास."

थोड्या वेळाने बाबांनी तोच विनोद पुन्हा सुरू केला, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग मागच्या सीटवरची म्हातारी बाबांना म्हणाली, "मग काय म्हणाला तो, अबू फवाझ?" आणि सगळे पुन्हा हसले. तिसऱ्यांदाही हसले. डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं, ते मला तिथेच कळलं होतं.

दर शुक्रवारी सांतियागोहून तुझा फोन येतो. बाबा तुलाही तोच विनोद सांगतात आणि तू हसतोस. मी रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करते, बिघाड आवाजावरून ओळखते. तुझं हसणं खरं, की टॅक्सीतल्या लोकांसारखं, हे मात्र ओळखता येत नाही. तुला माहीत नसेल, तर मला सांगावं लागेल. म्हणून फोनवर अजून विचारलेलं नाही, हे पत्र लिहितेय.

तुझी,
सुहैला