विहिरीमागे अडकलेली वैदीण

प्रिय ताई,

रविवार, ४ मे, सकाळी साडेदहा. बटणं कापसाने पुसून मी आपला लहानपणचा व्हिडिओ गेम लावला. तू तुझंच नाव दिलेली वैदीण अजूनही विहिरीमागे अडकते आणि आपली तिन्ही पात्रं जमल्याशिवाय किल्ल्याचं दार काही उघडत नाही.

तू न विचारता लग्न केलंस तेव्हापासून तुझा विषयही न काढणारे बाबा मागे येऊन उभे राहिले.

"पुढे का जात नाहीस, ठोंब्या?"

"ताई अडकलीय."

"मग मागे जा. घेऊन ये तिला."

मी जाऊन धक्का दिला, ती निघाली, दार उघडलं. बाबा बराच वेळ बघत राहिले.

आता ते आतल्या खोलीत तुझा नंबर लावतायत. चष्मा नाही, दोनदा चुकलाय. तिसऱ्यांदा लागेलच, म्हणून हे पत्र टाकत नाही. फोन उचल.

तुझा,
ठोंब्या