बोटाची शुगर, तीन महिन्यांची शुगर

६ जानेवारी
८.३!
चूक असेल म्हणून मोबाइलवरचा रिपोर्ट मोठा करून परत पाहिला. तीन महिन्यांची शुगर ८.३. मागच्या वेळी ७.६ होती आणि मी समजत होते, यंदा सातच्या आत. दिवाळीपासून गोडाला हात नाही. सकाळी बुद्धविहाराच्या मैदानात चालणं, भात अर्धी वाटी, गोळ्या वेळेवर. घरच्या मशीनवर बोट टोचलं की उपाशी ११५-१२०, जेवणानंतर दीडशेच्या आसपास. घरी ट्यूशनला येणाऱ्या दहावीच्या पोरांना सरासरी शिकवते मी. ८.३ म्हणजे सरासरी एकशे नव्वद; असल्या आकड्यांची सरासरी एवढी वर जाईलच कशी? गणित कुठंतरी अडतंय.
ह्यांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढून ठेवला. मोबाइल उलटा करून माझ्याकडे सरकवला. तेच जास्त लागलं.

७ जानेवारी
शेवटी बोलले. सकाळच्या चहाला.
"खरं सांग, तू काही खाऊन राहिली का?"
"काय खाऊन राहिली?"
"मले काय माहीत. लॅबवाले उगाच लिहितीन का?"
मी कप तिथंच ठेवून उठले. पण पुरता रागही येत नाही. सासूबाईंचा पाय शुगरनंच गेला. ड्रेसिंग हेच करायचे, स्वतःच्या हातानं. आकडा वाढला की ह्यांच्या डोळ्यांपुढे तो पाय. कळतं मला. तरी बायकोला चोर...

११ जानेवारी
सावनेरहून नणंद आल्या, सुनंदाताई. संत्रा बर्फी घेऊन. ह्यांनी डबा माझ्यासमोर उचलला आणि कपाटावर ठेवला! ताई म्हणाल्या, "काहून गा, वहिनी काय लहान लेकरू आहे?"
दुपारी मी स्वयंपाकघरात. तोंडात कुरुमकुरुम. हे दारात येऊन उभे.
"काय आहे तोंडात? दाखव."
दाखवलं. बर्फ. फ्रीजरमधला.
"एवढ्या थंडीत बर्फ कोण खाते वं?"
ताई हसून हसून ओट्याला टेकल्या. मलाही हसू आवरेना. पण खरंच, का खाते? बरेच महिने झाले. बर्फ दिसला की राहवतच नाही. स्वेटर घालून खाते.

१३ जानेवारी
काय दिवस! नीट लिहायला हवं.
डॉ. मॅडमनी रिपोर्ट पाहिला. म्हणाल्या, गोळ्या पुरत नाहीत, आता इन्सुलिनचा विचार करू. तेवढ्यात ह्यांनी तक्रार केली, "मॅडम, ही घरात लपूनलपून बर्फ खाते." लाजेनं मान खाली. पण मॅडमचं पेन थांबलं.
"बर्फ? रोज?"
माझी खालची पापणी ओढून पाहिली. नखं पाहिली. पाळीचं विचारलं. सांगितलं, वर्षभरापासून फार जाते, आठ-दहा दिवस.
"हिमोग्लोबिन कधी केलं होतं?"
शुगर, शुगर करता करता ते राहूनच गेलं होतं.
इन्सुलिन तूर्त थांबलं. रक्ताच्या नवीन तपासण्या. आणि घरची मशीन लॅबमध्ये न्यायची, एकाच वेळी दोन्हीकडे पाहायचं. मला हेच हवं होतं! पडताळा!

१५ जानेवारी
मशीन १२३. लॅब ११८.
पाचचा फरक चालतो, मशीन बरोबर आहे!! लॅबच्या पायरीवरच ह्यांना म्हटलं, "पाहिलं?" म्हणाले, "हो." एवढंच. पण गाडी सुरू करायच्या आधी मशीन रुमालात गुंडाळून माझ्या पर्समध्ये नीट ठेवली.
संध्याकाळी दुसरा रिपोर्ट. हिमोग्लोबिन ८.४. लोह तर तळाला गेलेलं.

१७ जानेवारी
मॅडमनी समजावलं. बर्फ खावासा वाटणं हेही लोह कमी असल्याचंच लक्षण. तीन महिन्यांची शुगर म्हणजे रक्ताच्या लाल पेशींना चिकटलेली साखर. लोह कमी पडलं की नव्या पेशी हळू तयार होतात, जुन्याच जास्त दिवस फिरत राहतात. त्यांना साखर जास्त चिकटलेली. म्हणून आकडा असायला हवा त्याहून मोठा दिसू शकतो. वर्गात सगळी जुनीच पोरं उरली तर सरासरी वय वाढणारच! हे मी मोठ्यानं बोलले. मॅडम हसल्या.
"म्हणजे मी चोर नाही?"
"नाही. पण उड्या मारू नका. यात लोहाचा वाटा किती आणि खऱ्या साखरेचा किती, ते आज नाही सांगता येणार."
लोहाच्या गोळ्या. शुगरच्या चालू. बोट टोचणं चालू. तीन महिन्यांनी परत. रक्त जातं कुठं तेही शोधायचं, सोनोग्राफी.
घरी आल्यावर ह्यांनी कपाटावरचा डबा काढला, शेजारी देऊन आले. परत येऊन दारातच म्हणाले, "मी तसं बोलायला नव्हतं पाहिजे. भेव वाटते मले."
मी म्हटलं, "मलेही वाटते."

२४ जानेवारी
सोनोग्राफी. गर्भाशयात गाठ, साधी. म्हणून एवढं जातं. सध्या गोळ्या, नंतर बघू, मॅडम म्हणाल्या. गाठ ऐकून हे पांढरे पडले, मला मात्र हायसं. कारण सापडलं ना!

२ मार्च
परवा लक्षात आलं, बर्फ खाल्लाच नाही कित्येक दिवस. आठवणही नाही! जिना चढताना धाप नाही. पोरं म्हणतात, टीचर, तुम्ही आजकाल फळ्यावर लय जोरात लिहिता.

१९ एप्रिल
७.१!!!
हिमोग्लोबिन ११.२. ट्यूशन सोडून बाहेर पळत आले, ह्यांना फोन. मॅडम म्हणाल्या, छान, पण लोह अजून पुरतं भरलेलं नाही, गाठही आहेच. खरा आकडा आणखी खाली असेल किंवा नसेलही. इन्सुलिनचं सध्या नाव नाही. चालेल! धावेल!
रात्री जेवणानंतर माझी मशीन समोर. हे टेबलाशी येऊन बसले. बावन्न वर्षांचे, सासूबाईंची एवढी शुगर, पण स्वतःची कधीच तपासली नाही. विचारलं की विषय बदलायचे.
हात पुढे केला. "माहं बी पाह्य."
सुई नवीन लावली. डोळे मिटून बसले.
१९६.
"म्हणजे?"
"एका आकड्यावर काही ठरत नाही," मी म्हटलं. "सकाळी उपाशी लॅबमध्ये जाऊ."

२० एप्रिल
रक्त दिलं. उपाशी, तीन महिन्यांची, हिमोग्लोबिन, सगळं एकदम करायला सांगितलं. रिपोर्ट संध्याकाळी.
ऑफिसला निघाले, फाटकापासून परत आले. स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "तूच उघडजो. अन् मले नीट समजावून सांग, तुह्या पोरायले सांगते तसं."
साडेपाच झाले. पोरं येऊन बसलीत. फोन फळ्याच्या कडेला ठेवलाय. रिपोर्ट अजून आला नाही.