सभासद क्रमांकाने झटके

तीर्थस्वरूप शिवलिंगप्पा मामांस,

महारुद्रचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी जेवढी अंगे हलतात तेवढ्यांचा, बाकीच्यांचा पोचला असे समजावे.) मामींची साखर कशी आहे? घाटनांदूरला टँकर येतो का?

टँकरवर चढून नळी धरताना मी पडलो आणि कणा दुखावला, त्याला दिवाळीत वर्ष होईल. पाय आहेत, पण ऐकत नाहीत. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मांड्यांना पट्ट्या चिकटवून रोज अर्धा तास विजेचे बारीक झटके दिले तर स्नायू वाळणार नाहीत, आणि नशीब असेल तर एखादी नस जागी होईल. रोज म्हणजे रोज. तेव्हा आमच्या दूध संस्थेने मोठ्या मनाने यंत्र घेतले. (दुष्काळामुळे जनावरे चारा छावणीत, संस्थेत दूध नाही, संचालकांना काहीतरी काम हवेच होते.) नारळ फुटला, चेअरमन मोहनरावांनी माझ्यासोबत फोटो काढला, आणि तिथेच छबुबाई उठून म्हणाल्या, "संस्थेची वस्तू हाय, मंग आमाला कावून न्हाई?"

झाले! ठराव झाला, टँकरच्या पाण्यासारखी सभासद क्रमांकाने पाळी. आता छबुबाई गुडघ्याला लावतात, हरिबा पोटातल्या गॅसला लावतो आणि खुद्द मोहनराव टकलाला. (केस आले नाहीत, भुवया मात्र सभेतही उडतात.) आश्रुबाने म्हशीसाठी अर्ज केला, तो 'म्हैस सभासद नाही' म्हणून फेटाळला, एवढाच काय तो शिस्तीचा कारभार. त्यात वीज दिवसा चारच तास. माझी पाळी नवव्या दिवशी येते. हरकत घेतली तर मोहनराव म्हणाले, "महारुद्रा, तुलाच रोज दिलं तर लोकं म्हणतील, चेअरमन पक्षपात करतोय."

मांड्या हाताने चाचपतो, दर आठवड्याला बारीक होताहेत. हसून लिहितोय मामा, पण भीती लई वाटते.

बाकी क्षेम. उमाचा तुम्हा उभयतांस नमस्कार.

तुमचा भाचा,
महारुद्र

ता.क. येत्या मंगळवारी यंत्रावर तुमची पाळी आहे. मागच्या खेपेला तुम्ही एस.टी.ने येऊन कंबरेला लावून गेलात, तेव्हा तोंडावर बोलायचा धीर झाला नाही म्हणून हे पत्र. जुने सभासद म्हणून तुमच्या सगळ्या पाळ्या माझ्या नावे लिहून द्याव्यात.

आणखी ता.क. काल माझ्या पाळीत मधेच वीज गेली. उमा पट्ट्या काढत होती आणि उजव्या पायाचा अंगठा आपोआप हलला. दोनदा. उमा रडली, मीही रडलो. कोणाला सांगू नका. मोहनरावांना कळले तर 'रुग्ण बरा झाला' म्हणून सत्कार करतील आणि यादीतून नाव काढतील. मंगळवारी नक्की या, अंगठा दाखवतो. कंबर मात्र घरी ठेवून या.