राहून गेलेली किंकाळी नोंदवून घेण्याबाबत

प्रति,
मा. दावा अधिकारी,
अपघात नुकसानभरपाई कार्यालय,
चौथा मजला (लिफ्ट बंद).

विषय : 'वेदना व यातना' या शीर्षाखालील भरपाई नाकारल्याबद्दल फेरविचार होणेबाबत.

संदर्भ : आपले दि. २ जूनचे पत्र, विशेषतः त्यातील "अर्जदार हसत होता" हे वाक्य.

महोदय,

१. अर्जदार हा घरसामान हलवणारा हमाल असून गेली बावीस वर्षे कपाटांच्या वरच्या टोकाला आहे. खालच्या टोकाला त्याचा सख्खा मेव्हणा असतो. दि. ११ मार्च रोजी तिसऱ्या मजल्यावरून लोखंडी कपाट उतरवताना जिन्याच्या वळणावर पट्टा तुटला व कपाटाचा पाय अर्जदाराच्या उजव्या पावलावर बसला. तीन बोटे कामातून गेली. बोटे गेली हे आपणांस मान्य आहे, त्याबद्दल अर्जदार ऋणी आहे.

२. आपण दावा शीर्षवार तपासलात. 'वैद्यकीय खर्च' मिळाला. फक्त काठीचे बिल कापले गेले, कारण डॉक्टरांनी "आधार घेऊन चालावे" असे लिहिले, कशाचा ते लिहिले नाही. 'बुडालेली मजुरी' मिळाली; त्यातून प्रत्येक महिन्याचे पहिले पंचवीस दिवस वजा झाले, कारण लोक घर महिनाअखेरीलाच बदलतात असे आपल्या कारकुनांचे मत पडले. 'भावी कमाईचे नुकसान' निम्मे मिळाले, कारण अर्जदार "बसून करण्याजोगे काम" करू शकतो. अर्जदार सध्या बसून कपाट उचलण्याचा सराव करीत आहे. हे सारे त्याने गोड मानून घेतले. त्याच कपाटाला पडलेला ओरखडा कपाटाच्या मालकिणीला आपल्या शेजारच्या खिडकीवर चार दिवसांत पुरता भरून मिळाला, याचाही त्याला हेवा नाही. कपाटाची कागदपत्रे पूर्ण असतील.

३. 'जीवनातील आनंदाची हानी' हे शीर्ष "अपघातापूर्वी अर्जदार आनंदी होता याचा दाखला जोडलेला नाही" या शेऱ्यासह परत आले. असा दाखला कोठे मिळतो हे विचारले असता पहिल्या खिडकीने तिसरीकडे बोट दाखवले आणि तिसरीने घड्याळाकडे. अखेर अर्जदाराने स्वतःच्या लग्नातला फोटो जोडला. त्यावर "छायाचित्रात अर्जदार गंभीर दिसतो" असा शेरा पडला. शेरा खरा आहे. त्या दिवशी सासऱ्यांनी जावई आयताच सापडला म्हणून मांडवाआडचे लाकडी कपाट त्याच्याकडूनच हलवून घेतले होते. हे शीर्षही अर्जदाराने सोडून दिले.

४. मात्र 'वेदना व यातना' हे शीर्ष सोडता येत नाही. आपला नकार एकमेव साक्षीदाराच्या, म्हणजे मेव्हण्याच्या जबाबावर उभा आहे. त्याने प्रामाणिकपणे लिहून दिले : "दाजी वरून म्हणाले, पाहुणे, कपाटानं पायाशी लोळण घेतलीय, जरा उचलून धरा, आशीर्वाद देऊन येतो. मी हसलो. दाजीपण हसले. मग आम्ही खाली आलो." यावरून आपण असा निष्कर्ष काढलात की घटनेच्या वेळी अर्जदाराची मनःस्थिती उल्हसित होती व आरडाओरडा न झाल्याने वेदना सिद्ध होत नाही.

५. येथे अर्जदारास आपल्या धंद्यातील एक नियम सादर करणे भाग आहे. तो कुठल्या परिपत्रकात नाही. अर्जदारास तो वडिलांनी पहिल्या दिवशी, पहिल्या पायरीवर सांगितला : आधी सामान टेकव, मग बोंब मार. वरचा माणूस ओरडला की खालचा दचकतो. खालचा दचकला की हात सुटतो. आणि त्या वळणाखाली अकरा पायऱ्या होत्या, त्यांवर एक मेव्हणा उभा होता. म्हणून अर्जदाराने विनोद केला. विनोद फारसा बरा नव्हता, हे त्यास मान्य आहे. वेळ कमी होता. खाली कपाट टेकवले तेव्हा मालकीणबाई कपाटाचा आरसा फुटला का ते पाहू लागल्या, गाडीवाला हॉर्न वाजवू लागला आणि मेव्हण्याचे लक्ष चपलेतल्या रक्ताकडे गेल्याने तोच मटकन खाली बसला. त्याला पाणी पाजण्यात अर्जदाराचे ओरडायचे राहून गेले.

६. अर्जदार वेळेवर ओरडला असता, तर हा अर्ज त्याच्या मेव्हण्याच्या बायकोच्या सहीने, 'मृत्यू' या शीर्षाखाली आला असता. ते शीर्ष किती जड असते हे आपणांस ठाऊक आहेच. म्हणजे हसून अर्जदाराने आपल्या कार्यालयाची बचत केली. त्याबद्दल त्याने काही मागितलेले नाही.

७. आपले पत्र घरी वाचले गेल्यापासून अर्जदाराची पत्नी आपल्या सख्ख्या भावाशी बोलत नाही. चहा देते, पण कप आपटून. भावाच्या चार ओळींनी नवऱ्याचे दुखणे खोटे पडले, असे तिचे म्हणणे. मेव्हणा रोज उंबऱ्यापर्यंत येतो व म्हणतो, "दाजी, जबाब बदलतो. तुम्ही ढसाढसा रडलात असं लिहून देतो." अर्जदाराने त्यास मनाई केली आहे. खालच्या टोकाचा माणूस खोटे बोलू लागला, तर वरच्याने कोणाच्या भरवशावर जिना उतरावा? अर्जदार तर आता ओझे घेऊन जिना उतरणार नाही. पण मेव्हण्याला अजून जिने उतरायचे आहेत. तिजोरीतून एक पैसा सुटला नाही तरी चालेल, परंतु "वेदना झाली होती" एवढे एक वाक्य आपल्या शिक्क्यानिशी मिळावे. ते पत्नीला वाचून दाखवायचे आहे, तिचा भाऊ समोर असताना.

८. सबब विनंती की, दि. ११ मार्चपासून अर्जदाराकडे शिल्लक असलेली किंकाळी आपल्या सोयीच्या तारखेस, दोन पंचांसमक्ष नोंदवून घ्यावी. अर्जदार ती घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत स्वतः येईल. मेव्हणाही येईल, रिकाम्या हातांनी.

दिनांक : १९ जून

आपला नम्र व अद्याप न ओरडलेला,
(सही)
वरच्या टोकाचा हमाल

सोबत : १) मेव्हण्याचा जबाब, न बदललेला. २) लग्नातला फोटो. ३) उजवी चप्पल.

ता. क. : किंकाळी घेतेवेळी आपल्या कार्यालयात कोणीही काही जड उचललेले नसावे, याची कृपया आधी खात्री करून घ्यावी.