खोलीतला फ्यूज आणि अनंताचे गाऱ्हाणे

घाटकोपर,
२० एप्रिल १९८४

ती. धाकूमामांच्या पायांवर लवूचा लांबूनच दंडवत.

तुमचा गुडघा आता घाटी उतरताना कुरकुरत नसेल, मामीचा खोकला गेला असेल आणि तांबू गाय व्याली असेल असे धरून चालतो. माझी प्रकृती बरी आहे. डोके मात्र ठिकाणावर नाही, कारण मी अनंत आणि जयवंत यांच्याबरोबर एका खोलीत राहतो.

अनंत विक्रोळीच्या कारखान्यात रात्रपाळी करतो आणि दिवसभर पंखा पाचावर ठेवून झोपतो. (थंडीत दोन गोधड्या घेतो, पण पंखा बंद करत नाही.) जयवंत कचेरीत शिपाई आहे, पण इस्त्री अशी करतो की साहेबानेच उठून याला सलाम करावा. शर्टाला इस्त्री, बनियनला इस्त्री, एकदा तर मोज्यांनासुद्धा. फ्यूज उडाला की हा त्याच्या पंख्याला शिव्या देतो, तो याच्या इस्त्रीला, आणि समजूत घालता घालता माझा जीव मेटाकुटीला येतो. मी म्हणाल तर एका दिव्याचा धनी. तुम्ही शिकवल्याप्रमाणे बारा महिने थंड पाण्याने आंघोळ.

गेल्या रविवारी चेंबूरहून सुलक्षणाचे वडील मला आणि खोलीला बघायला यायचे होते. मुलगी मला मनापासून आवडली आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी मोरीत आंघोळीला, अनंत पंख्याखाली, जयवंत इस्त्रीवर, आणि नेमका तेव्हाच फ्यूज गेला. पाहुणे आले तेव्हा अंधाऱ्या खोलीत अनंत घामाने निथळत होता आणि जयवंताच्या पॅंटच्या एकाच पायाला इस्त्री होती. ते गृहस्थ तासभर वर्तमानपत्राने वारा घेत बसले आणि "कळवतो" म्हणून निघाले. मला रडायचेच बाकी होते.

संध्याकाळी दोघांची जुंपली. शेवटी अनंताने मीटरखाली नारळ ठेवला आणि तुम्ही देवळात घालता तसले गाऱ्हाणे घातले: "बा रवळनाथा, ज्या कोणी ह्यो फ्यूज उडवल्यान असात, तेचा लगीन सात वर्सां जुळाक देऊ नको रे म्हाराजा!" (अनंताचे लग्न झालेले आहे. रोख जयवंतावर होता.) जयवंत ताठ मानेने "व्हय म्हाराजा" म्हणाला. मीही म्हणालो, आणि त्याच्यापेक्षा मोठ्याने.

काल सुलक्षणाच्या वडिलांचे कार्ड आले. मुलगा साधा आहे, पाहुण्यांसमोरही पंख्याची चैन करत नाही, पसंत आहे, अक्षय्यतृतीयेला साखरपुडा करू. हे वाचून मला दरदरून घाम फुटला. मामीला नमस्कार सांगा.

तुमचा,
लवू

ता. क. – पत्र मिळेल त्याच दिवशी देवळात नारळ ठेवून हे गाऱ्हाणे उलटवून घ्या. नाव घेऊ नका, "घाटकोपरच्या एका लेकराकडून चुकी झाली" एवढेच सांगा.

ता. क. २ – मला थंड पाणी सोसत नाही. मोरीतल्या दिव्याच्या होल्डरवर मी गेले दोन महिने पाणी तापवायचा रॉड लावतो. त्या दिवशी पाहुण्यांसाठी जरा जास्तच कढत आंघोळ करत होतो.

ता. क. ३ – गावी येणाऱ्या जानकीकाकूंच्या पिशवीत तो रॉड फडक्यात गुंडाळून पाठवला आहे. माळ्यावर टाकून द्या. आपल्या वाडीत अजून वीज आलेली नाही, तेव्हा तिथे तो कोणाचे लग्न मोडणार नाही.